निम्मेतात्या

तात्या माणसाचेही कान धरून बघायचे.

संध्याकाळी कापसाच्या जिनातनं सुटून मी खोकत खोकत मस्तगडाच्या चढाला लागलो की गोठ्याच्या दारातून एक लांब, वाळका हात पुढं यायचा आणि माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचा. पाळी गरम असली तर तात्या म्हणायचे, "जित्ता हाय. जा." गार लागली तर काही न बोलता आत जायचे आणि पितळीत दूध घेऊन बाहेर यायचे. पहिल्यांदा दिलं तेव्हा मी घाबरून गेल्तो. म्हटलं, ह्याचे पैसे कुठून द्यायचे? तर म्हणाले, "वासराला कुणी हिशोब इचारतं का? पी गुमान."

मी उदगीरकडचा. शाळा चौथीतच सुटली. शिकवणं सगळं उर्दूत आणि आमच्या घरात उर्दूचं अक्षर न्हाई. मास्तर काय विचारून राह्यलेत हे कळायच्या आत छडी बसायची. घरातून निघालो तो जालन्याला कापसाच्या जिनात येऊन पडलो. इथं माझं कुणी नव्हतं. मुकादमाची भीती, खोकल्याची भीती, गावाकडनं निरोप आला तरी भीती, न्हाई आला तरी भीती. गोठ्याच्या भिंतीला टेकून एक पडवी होती, ती तात्यांनी मला राहायला दिल्ती. रुईची धूळ छातीत घेऊन मी तिथं काही वर्षं काढली ती त्या पितळीतल्या दुधावर, असं मी आजही मानतो.

पण म्हणून तात्या गोड माणूस होते असं कुणी समजू नये. जीभ विळ्यासारखी. गायांना ते "अहो बाई" म्हणायचे आणि माणसांना "काय रे". तहसिलीतला कारकून दुधाला आला तरी त्याला दारात उभं करायचे. "थांब रे, बाईंचं पाणी पिऊन हू दे." गोठ्यात कुणी शीळ घातलेली खपायची न्हाई. फुशारकी तर विचारू नका. "जालन्यात गाय दोघांनाच कळती. एक मी. दुसरा अजून जन्मायचाय." बायको लवकर गेलेली, एकच लेक, सारजा, ती अंबडकडं दिलेली. घरात बोलायला कुणी नसल्यामुळं सगळं बोलणं गायांशी आणि उरलेलं माझ्याशी.

त्यांच्या खांद्याला सुतळीनं बांधलेला सायकलचा पंप असायचा. सायकल नव्हती, चालवताही येत नव्हती. बाजारात टवाळ माणसं हटकायची, "तात्या, सायकल कुठं राह्यली?"

"हवा पुढं आणलीय. सायकल मागून यून राह्यली."

त्या पंपाचं काम वेगळं होतं. चांगली दुधाळ गाय घ्या. व्याली, वासरू चाटलं, सगळं बराबर झालं. एखादा दिवस गेला न गेला तोच मागचे पाय लटपटतात. बसते. मान वळवून बरगडीवर ठेवते, झोपल्यासारखी. कान गार, नाकाड कोरडं, डोळा उघडा पण बघत नाही. त्यानंतर फार वेळ नसतो. लोक म्हणत दृष्ट लागली, बाहेरचं वारं लागलं. तात्याही कधीकाळी तेच म्हणायचे. मग सरकारी जनावरांचे डॉक्टर, ज्यांना आमच्याकडं सालोत्री म्हणत, त्यांची गाठ पडली. ते बदनापूर स्टेशनात उतरून गावोगाव फिरायचे आणि जालन्यात आले की तात्यांच्या ओट्यावर टेकायचे. दोघांचं भांडण ऐकण्यासारखं असायचं. त्या सालोत्रीसाहेबांनी तात्यांना समजावलं होतं, "तात्या, गाय अपनी हड्डी का चुना दूध में उतार देती. बछड़े के वास्ते. खुद के वास्ते कुछ रखतीच नहीं."

हे वाक्य तात्यांना फार लागलं होतं. मला कितीदा तरी सांगितलं असेल. सांगताना 'रखतीच नहीं'वर यायचे आणि थांबायचे.

इलाज असा की सडात नळी घालून पंपानं कासेत हवा भरायची आणि सडं नाड्यानं बांधून टाकायची. कास फुगून तट्ट झाली की दूध उतरायचं थांबतं. अंगातला चुना अंगात राहतो. जीव असेस्तोवर पोचलात तर मेल्यासारखी गाय उठून उभी राहते. तात्यांनी अशा बऱ्याच उठवल्या. पण ह्या दुखण्याला सालोत्र्यांच्या बोलीत नाव होतं 'दूध का बुखार', आणि तो शब्द कसा कोण जाणे बाजारात सुटला.

आमच्याच गल्लीत शिंप्याची गाय बसली. तात्यांना बोलावलं तेव्हा गायीच्या अंगावर ओली पोती टाकलेली आणि शिंपी तांब्यानं पाणी मारून राह्यलेला.

"हे काय करून राह्यला रे?"

"बुखार हाय न्हवं तात्या. दुधाचा बुखार. उतरवून राह्यलो."

"बुखार! तुझ्या आज्याचा बुखार! हात लाव. लाव की! मुडद्यावानी गार पडलीय अन् तू तिला आंघोळ घालून राह्यला!" पोती भिरकावली, शिंप्याच्या घरातल्या गोधड्या ओढून आणल्या, शिंपीण ओरडायला लागली तर तिलाच गायीच्या पाठीला टेकून बसवलं. "ऊब दे तिला. तुझं तोंड तापलंच हाय." पंप मारला. गाय उठली, शेण टाकलं, वासराकडं बघून हंबरली. दुसऱ्या दिवशी शिंपी गल्लीत सांगत होता, पोती टाकली म्हणून बुखार उतरला.

तात्यांनी ते ऐकलं. म्हणाले, "गाय त्याला घावली अन् नाव बी त्यालाच घावलं. असू दे."

हवा भरणं हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. गाय बसली म्हणजे आपण आधीच हरलो, असं त्यांचं म्हणणं. बसूच द्यायची न्हाई. चुना कमी पडतो कळल्यावर आधी त्यांनी सरळ डोकं चालवलं होतं: व्यायच्या आधी महिनाभर गायीला चुन्याची निवळी पाजली. तुरीचा पाला, हरभऱ्याचं भुसकट, जे म्हणून सकस ते पुढं टाकलं. ती गाय व्याल्यावर उठलीच न्हाई. दुसरीला तेच केलं, तीही गेली. ती हकिगत सांगताना तात्या म्हणायचे, "आयतं खाऊ घालून मी तिच्या हाडाला आळशी केलं रे. दूध उतरायला लागलं तवा हाडाला काढून द्यायची सवयच न्हाई राह्यली. मी मारली ती. माझ्या लाडानं गेली." तेव्हापासून गाभण गायीला शेवटच्या महिन्यात साधा कडबा आणि कोंडा. निवळी द्यायची ती व्याल्यावर. हे सालोत्रीसाहेबांना पटत नव्हतं. ते म्हणायचे, पुस्तकात असं कुठं न्हाई. तात्या म्हणायचे, मेलेल्या गायी पुस्तकात कुठनं येणार.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. व्याल्यापासून तीन दिवस कास पुरी पिळायची न्हाई. वासराला पाजून निम्मं काढायचं, निम्मं तसंच ठेवायचं. कास भरलेली राहिली की अंग नवं दूध उतरवायची घाई करत न्हाई.

ऐकायला सोपं आहे. पण आमच्या मुलखात पहिल्या दिवसांचा चीक ही काय एकट्या गायीची गोष्ट असते? गाय व्याली की शेजारीपाजारी, भावकी, सोयरे, सगळ्यांच्या घरी चीक जातो, घरोघर खरवस होतो. कुणाच्या घरी भांडं भरून गेलं, कुणाकडं तळाला गेलं, हे बायका वर्षभर विसरत न्हाईत. तिथं हा माणूस दारात उभा राहून म्हणणार, "निम्मं काढा. तिच्या हाडात काही राहू द्या." लोकांनी त्यांचं नावच निम्मेतात्या पाडलं. लग्नात पंगतीत बसले तर वाढपी मुद्दाम अर्धी पोळी टाकायचा. तात्या ती खायचे आणि त्याच्याकडं बघत म्हणायचे, "बाकीची निम्मी तुझ्या कासंत राह्यली बघ." पंगत खोखो हसायची. पण हळूहळू जालन्यात माणसं ऐकायला लागल्ती. गायी बसायच्या कमी झाल्ती. गाभण गाय दारात असली की बायका येऊन विचारायच्या, "तात्या, कितवर काढू?" तेव्हा त्यांचा डोक्याचा रुमाल जरा तिरपा व्हायचा.

आता सारजाचं सांगतो. हेच सांगायला बसलो होतो.

अंबडकडं, अंतरवालीच्या पलीकडं एका गावात ती दिल्ती. घर जुनं, जमीनजुमला असलेलं, भावकी मोठी. लग्नात तात्यांनी आंदण म्हणून गाय दिली, बांडी. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, आमच्या उदगीरकडच्या जातीची, गोठ्यातली सगळ्यांत दुधाळ. सारजाला वर्षं झाली तरी लेकरू न्हाई. बांडी मात्र वेळच्या वेळी व्यायची. तात्यांच्या विहीणबाई, तात्यांच्या तोंडी ईनबाई, म्हणजे सारजाची सासू, चारचौघींत म्हणायच्या, "गाय फळून राह्यली, सून फळंना. गाय हाय म्हणून नांदवून राह्यलो." हे बोलणं फिरत फिरत जालन्याला यायचं. तात्या ऐकून घ्यायचे आणि कडबा तोडायला बसायचे.

लढाईची वर्षं होती. वैशाखात जिन बंद असतं. बांडी दिवसांत आल्याचा निरोप आला आणि त्याबरोबर हेही कळलं, की ईनबाईंनी ह्या खेपेला सगळ्या भावकीला खरवस कबूल केलाय. तात्यांनी पंप खांद्याला अडकवला. "चल," मला म्हणाले. "तुझ्या मुलखाची गाय हाय."

तिथं गेलो तर बांडी अशी चकचकीत की बघत राहावं. दावणीत हरभऱ्याचं भुसकट, तुरीचा पाला. व्याही कौतुकानं म्हणाले, "सोयरे, सुनंच्या हातनं दोन महिने खुराक चाललाय. काही कमी न्हाई पडू दिलं." तात्यांनी पाला हातात घेतला, परत ठेवला. बोलायचं काय? लाडच केला होता त्यांनी.

लेकीला मूलबाळ होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई, ही रीत. तात्या गोठ्याच्या दाराशी दगडावर उन्हात बसून राह्यले. तहान लागली की मारुतीच्या पारापाशी विहिरीवर जायचं, पिऊन परत यायचं. व्याही भला माणूस. "निदान पाणी तरी घ्या सोयरे. कोण बघून राह्यलं?"

"नातू झाल्यावर घेऊ की," तात्या हसत म्हणाले.

सारजा दारातच उभी होती. तशीच आत गेली. तात्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरवायचं कसं हे त्यांना कळेना.

दुपारी बांडी व्याली. कालवड झाली. तात्यांनी स्वतः चीक काढला, निम्म्यावर हात थांबवला. ईनबाईंनी भांड्यात डोकावून बघितलं. "येवढ्यात कुणाच्या तोंडाला पुसू?"

"ईनबाई, तीन दिवस. हात जोडतो. मंग नदी काढा तिच्यातनं."

"लेक दिली अन् राखण बी धाडली म्हणायची."

"लेकीची राखण तुमी करा. गायीची मी करून राह्यलो."

ते ऐकून भावकीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ईनबाई हसल्या न्हाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा शेणाची पाटी घेऊन बाहेर आली. पाटी खाली न ठेवताच बोलली, "तात्या, तुमी पारावर जाऊन बसा."

"का गं?"

"तुमी दारात बसून राह्यलात अन् आत मला बोलणी बसून राह्यलीत. बापाचा आमच्यावर इस्वास न्हाई म्हणत्यात. जा तुमी. मी बघते."

"निम्मंच काढशील?"

"तुमचीच लेक हाय न्हवं मी."

तात्या उठले. पारावर आम्ही बसलो. तात्या गावाकडं तोंड करून बसायचे, पुन्हा उठून उन्हात उभे राहायचे. तो दिवस गेला. पुढच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि गडी धावत आला. "सोयरे, चला, गाय बसली."

गोठ्यात चिखल झाला होता. बांडीच्या अंगावरून पाणी गळत होतं; बुखार हा शब्द आमच्या आधी तिथं पोचला होता. मान वळवून बरगडीवर ठेवलेली. बाजूला औषध पाजायचा बांबूचा नळा पडलेला आणि काढ्याचं रिकामं तपेलं. तात्यांनी कान धरला. मग कासेला हात लावला. कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती, थेंब ठेवला नव्हता. त्यांनी मान वर करून सारजाकडं बघितलं. तिनं हात पदरात लपवले. पोर लहानपणापासून धारा काढत आलेली; कासेत दूध ठेवून कसं उठायचं हे तिला त्या गावात सगळ्यांहून जास्त कळत होतं. पण सासू भांडं घेऊन शेजारी उभी राह्यली तर ती बिचारी काय करणार?

"पंप मार," तात्या मला म्हणाले.

मी मारला. त्यांनी सडं बांधली. माणसं गोळा झाल्ती. बराच वेळ गेला. बांडीचा कान हलला, मान सरळ झाली, पुढचे गुडघे टेकून ती उठली. "उठली! उठली!" म्हणून माणसं ओरडली. व्याह्यांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. तात्या मात्र बांडीच्या बरगडीला कान लावून उभे. आतून घरघर ऐकू येत होती, मलाही येत होती.

"काढा कुणी पाजला?"

गड्यानं रिकामं तपेलं पायानं मागं सारलं.

"हिचा घसा बंद होता. गिळायची ताकद नव्हती हिला. काढा पोटात न्हाई गेला, छातीत गेला." हे ते ओरडून न्हाई बोलले. त्यांच्या तोंडून इतकं हळू बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

बांडी रात्र काढून सकाळी गेली.

अंगणात भावकी जमली. ईनबाई पहिल्यांदा बोलल्या. "मी म्हणलं व्हतं, निम्मं काढ. हिनंच पुरं पिळलं. हिच्याच हातानं गेली. हिचं बोट लागलं की घरातलं एकेक जाऊन राह्यलं. गायीपायी नांदवत होतो, आता कशापायी?" आणि तात्यांकडं वळून, "सोयरे, आलाच हायसा तर लेकीला बी घेऊन जावा."

व्याही जमिनीकडं बघत राह्यले. सारजा चुलीपाशी उभी होती, तिचा चेहरा मला दिसला न्हाई. माझ्या मनात आलं, आता तात्या उठतील, जीभ चालवतील, सगळं बाहेर काढतील. भांडं कुणी धरलं होतं, काढा कुणी केला होता. ते ओळखायला त्यांना साक्षीदार लागत नव्हता.

तात्या उठले. डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"पोरीचा कसूर न्हाई. मी सांगितलं तिला. काल सकाळी पारावरून निरोप धाडला, पुरी मोकळी कर म्हणून. कास तट्ट झाली असंल असं वाटलं मला. माझी चूक झाली. बिलकुल माझी."

मग भावकीतला एकजण हसला. "अरं, निम्मेतात्या! आयुष्यभर निम्मं निम्मं करत गाव हिंडलात, अन् लेकीच्या दारात पुरे झालात!" मग दुसरा हसला. मग बरेच. हसता हसता सारजाची गोष्ट मागं पडली. दोष सुनेचा राहिला न्हाई, सोयऱ्याचा झाला. आणि सोयऱ्याला घरात ठेवायचं नव्हतंच. व्याही म्हणाले, "झालं ते झालं. पोर नांदू द्या." ईनबाईंनाही ते सोयीचं होतं.

आम्ही निघालो तेव्हा सारजा वेशीपर्यंत आली. पाया पडली आणि बराच वेळ उठली न्हाई. तात्या म्हणाले, "उठ. घरी काम पडलं असंल."

रस्त्यात बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "तुला काय ठाऊक हाय?"

"काही न्हाई तात्या."

"बराबर."

त्यांना वाटलं असेल, गोष्ट त्या अंगणात राहील. पण अंबडकडची माणसं दर बाजाराला जालन्यात. पुढच्या आठवड्यात मस्तगडात सगळ्यांना ठाऊक होतं, की निम्मेतात्यांनी स्वतःच्या लेकीला पुरं पिळायला सांगितलं. आणि लोक फक्त हसले असते तर चाललं असतं. ते शहाणे झाले. "तात्या सोताच पुरं काढतो, मंग आपल्याला का उपाशी ठेवून राह्यला होता?" बायका भांडी भरून चीक काढायला लागल्या. खरवस पहिल्यासारखा घरोघर जायला लागला. आणि गायी पहिल्यासारख्या बसायला लागल्या.

सालोत्रीसाहेब आले. ओट्यावर टेकले न्हाईत, उभ्यानंच विचारलं. "तात्या, लोगां बोल रहे, तुमने बोला पूरा निकालो. सच?"

"हौ."

"फिर मैं इत्ते साल झूट बोलता था क्या?"

तात्या दावं वळत होते. वळतच राह्यले. साहेब निघून गेले. मी पडवीत बसून ऐकत होतो. मला वाटलं, दोघांत एक शब्द पडला असता तर सगळं मिटलं असतं. पण तो शब्द बाजाराच्या दिवशी अंबडला गेला असता, आणि सारजा तिथं होती.

लोक गाय बसली की अजूनही बोलवायचे. ते जायचे, पंप मारायचे. काही उठायच्या, काही न्हाई. पण आधी कुणी येऊन विचारलं, "तात्या, कितवर काढू?" तर म्हणायचे, "तुमची मर्जी." फुशारकी गेली. पंगतीत कुणी अर्धी पोळी टाकली न्हाई. माझे कान धरायचं तेवढं राहिलं होतं.

पुढं रझाकारांच्या धामधुमीचं साल आलं. बरीच माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जाऊन राह्यली होती. मलाही तिकडच्या एका जिनात काम मिळत होतं. तात्यांना म्हटलं, चला. तर म्हणाले, "गोठ्यातल्या बायांना घेऊन कुठं पळू?"

निघायच्या दिवशी मी पाया पडायला गेलो. नेमकी त्याच वेळी समोरच्या घरची नवी सून चिकाचं भांडं घेऊन आली. त्यांची गाय आदल्या दिवशी व्याल्ती. भांडं काठोकाठ होतं, चालताना तिच्या बोटांवर सांडलं होतं. "तात्या, तुमच्या वाट्याचं," ती कौतुकानं म्हणाली. "आमची गाय फार दुधाची. पुरी पिळली, तर आणखी येवढं निघालं."

तात्यांनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं. आत नेऊन ओतलं. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून त्यात गुळाचा खडा टाकला. "सुखी राहा बाई," म्हणाले. माणसाला बाई म्हणताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं. ती गेली.

मग माझ्याकडं न बघता ते बाहेर पडले, गल्ली ओलांडून त्या घराच्या गोठ्यापाशी गेले. दार लोटलेलं होतं. आत गेले न्हाईत. घरधन्यानं आतून हाक दिली, "तात्या, आत या की. काय काम काढलं?"

"काही न्हाई. असाच."

मी गाठोडं उचललं. स्टेशनाकडं वळायच्या कोपऱ्यावरून मागं बघितलं. ऊन चढलं होतं. तात्या त्या लोटलेल्या दाराबाहेर उभे होते. गाय अजून बसली नव्हती, आणि ती बसायच्या आधी त्यांना बोलता येत नव्हतं.